सहावी जागा

पैसे मोजले, पावती घेतली, की वस्तू आपली. ह्या समजुतीवर आमच्या नानांनी प्रेशर कुकरपासून वन रूम किचनपर्यंत सगळा संसार उभा केला. वस्तू मोडली, भंगारात गेली, तरी पावती त्यांच्या लोखंडी कपाटात शाबूत असते. फिलिप्सच्या एका रेडिओची पावती आमच्या घरात अजून आहे; रेडिओचं काय झालं ते मात्र कुणालाच आठवत नाही. अशा माणसाच्या हातात मी मायक्रोसॉफ्ट ३६५चं खोकं ठेवलं. त्यांनी ते उघडलं, कानाशी नेऊन हलवलं, मग उलटं करून झटकलं. आतून एक कार्ड पडलं.

"सीडी कुठाय?"

"सीडी नसते हो नाना आता. हा नंबर असतो."

"म्हणजे एवढे पैसे नुसत्या नंबराचे?"

तर हा नंबर, म्हणजे की. पंचवीस अक्षरं, पाच-पाचच्या पाच गटांत. ज्याने ती अक्षरं निवडली तो माणूस विचारी होता. त्यात शून्य नाही आणि ओ नाही, एक नाही आणि आय नाही, म्हणजे वाचणाऱ्याची गल्लत नको. इंग्रजीतले पाचही स्वर गायब, त्यामुळे चुकून एखादी शिवी तयार व्हायचीही भीती नाही. पण हा सगळा विचार डोळ्यांसाठी केलेला. कानांचा कुणी केलाच नाही. बी, सी, डी, जी, पी, टी, व्ही ही सगळी मंडळी त्यात ठेवून दिली आहेत. सांगलीच्या मामांना फोनवरून की सांगून बघा. "बी बटाट्याचा" इथपर्यंत ठीक चालतं. "व्ही वांग्याचा" म्हटलं की मामा डब्ल्यू लिहितात, आणि त्यांचं चूक आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

पूर्वी एवढा त्रास नव्हता. विंडोज ९५च्या काळात कीची तपासणी संगणक जागच्या जागी करत असे, कुणालाही न विचारता. सीडीच्या दहा आकडी कीमध्ये शेवटच्या सात आकड्यांची बेरीज सातने भागली गेली, की झाला प्रवेश. त्यामुळे दहाही ठिकाणी एकच आकडा, म्हणजे एक, टाकला तरी दार उघडायचं. चौथीच्या स्कॉलरशिपला बसलेल्या कुठल्याही पोराने हे कुलूप काढलं असतं. २००१ साली विंडोज एक्सपी आलं आणि कंपनीने अॅक्टिव्हेशन आणलं: की टाकायची, मग संगणकाने घरी विचारायचं की हा माणूस आपलाच का. फक्त मोठ्या कंपन्यांना दिलेल्या कींना ही चौकशी नव्हती. त्यातली एक बाहेर फुटली आणि जगभर झाली. एफ-सी-के-जी-डब्ल्यूपासून सुरू होणारी ती की लॅमिंग्टन रोडवर संगणक जुळवणाऱ्या पोरांना तोंडपाठ असायची. पुढे सर्व्हिस पॅकने तिला दरवाजा बंद केला. (हौशी मंडळींसाठी: माहीत असून चोरीचं सॉफ्टवेअर संगणकावर वापरलं तर आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब खाली किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. धंद्यासाठी वापरलं नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. आठवणी निघाल्या की हे कलम कुणी काढत नाही.)

नानांनी मात्र नंबर लगेच कामाला लावला. कार्डाची झेरॉक्स काढली, ओळखीच्या निवृत्त मुख्याध्यापकांकडून 'खरी प्रत' असा शिक्का मारून घेतला, आणि मूळ कार्ड कपाटात सातबाऱ्याशेजारी ठेवलं. एक झेरॉक्स आमच्या दाजींना दिली. जावई माणूस, त्यांना नाही कसं म्हणायचं? दाजींनी घरी जाऊन की टाकली. उत्तर आलं की ही की आधीच वापरली गेली आहे. की एकदा खात्याला जोडली की कार्डाचं काम संपतं. पुढे जे काही मिळायचं ते खात्यातून मिळतं. दाजींना हे पटेना. "अहो, शिक्का आहे त्याच्यावर!"

शेवटी नाना सोसायटीतल्या वकीलसाहेबांकडे गेले. त्यांचा मुद्दा मोठा होता: मृत्युपत्रात हे सॉफ्टवेअर नातीच्या नावे लिहायचं होतं. वकीलसाहेब खूश झाले, कारण सोसायटीत त्यांना गळक्या टाकीपलीकडे कुणी काही विचारत नाही. त्यांनी २ मार्च २०२१चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढला. प्रकरण आयकराचं, पण त्यात कोर्टाने म्हटलंय की सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या हाती येते ती प्रत. कॉपीराइट त्याच्याकडे येत नाही. आणि तुमच्यासारख्या वर्षाच्या वर्गणीत तर प्रतसुद्धा वर्गणी भरेपर्यंतच चालणार.

नाना गप्प. मग वकीलसाहेबांनी विचारलं, "तुमचा पिंपरीचा फ्लॅट कशावर दिलाय?"

"लीव्ह अँड लायसन्स. अकरा महिने."

"हे तेच."

इतकी वर्षं मी जे समजावू शकलो नव्हतो ते त्या दोन शब्दांनी झालं. नाना मुळात घरमालक. भिंतीला खिळा मारायचा नाही, पोटभाडेकरू ठेवायचा नाही, मुदत संपली की सामान उचलायचं, ही कलमं त्यांनी स्वतः सांगून लिहून घेतलेली. घरी येऊन त्यांनी चष्मा लावला आणि सगळे लोक न वाचता ज्याला 'मान्य' म्हणतात तो करार बसून वाचला. वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावर एका घरमालकाला दुसऱ्याबद्दल वाटतो तसा आदर दिसू लागला. "चोख आहे," ते म्हणाले. "म्हणजे मी इथे भाडेकरू."

"भाडेकरूसुद्धा नाही, नाना. भाडेकरूला कायद्याने हक्क असतात. तुम्ही लायसन्सी."

हा अपमान त्यांनी शांतपणे गिळला. त्यानंतर त्यांना असे करार वाचायचा नादच लागला. अॅपलच्या आयट्यून्सच्या करारात हे वापरून अण्वस्त्रं बनवायची नाहीत असं कलम होतं, हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांना हसू आलं नाही. "बरोबर आहे. मीही पिंपरीच्या पोराला गॅसचा जास्तीचा सिलिंडर ठेवू देत नाही." ब्रिटनमधल्या गेमस्टेशन नावाच्या दुकानाने २०१०च्या एप्रिल फूलला आपल्या अटींत गिऱ्हाइकाचा आत्मा कंपनीला देण्याचं कलम घुसवलं होतं आणि हजारो लोकांनी ते मान्य केलं. नाना म्हणाले, "आत्मा आपला नसतोच. जे आपलं नाही ते देता येत नाही. करार रद्दबातल."

ह्या सगळ्यात विद्यार्थ्यांचं नशीब मला सगळ्यात मजेशीर वाटतं. बंगळुरूच्या टॅलीचं उदाहरण घ्या. लायसन्स नसेल तर हे हिशेबाचं सॉफ्टवेअर एज्युकेशनल मोडमध्ये चालतं आणि त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ ह्याच तारखांच्या नोंदी करता येतात. तालुक्याच्या गावी टॅलीचे क्लास केलेल्या पोरांना विचारा. त्यांच्या सरावाच्या वहीतला दुकानदार पहिल्या दोन दिवसांत सगळा माल विकतो, मग चार आठवडे दुकान बंद करून घरी बसतो, आणि एकतिसाव्या तारखेला उठून सगळी उधारी वसूल करतो. फेब्रुवारीत तर उधारी वसूलच होत नाही. माझा एक चुलतभाऊ अशाच क्लासमधून सीएच्या ऑफिसात लागला. पहिल्या आठवड्यात त्याच्यासमोर चौदा तारखेचं बिल आलं, तेव्हा तो सरांना विचारायला गेला की हे चालतं का.

रिझर्व्ह बँकेचा मात्र आमच्या घरावर उपकार आहे. १ ऑक्टोबर २०२१पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीची सूचना किमान चोवीस तास आधी द्यावी लागते, आणि रक्कम मर्यादेपेक्षा मोठी असेल तर ओटीपीही लागतो. ही मर्यादा आधी पाच हजार होती, २०२२मध्ये पंधरा हजार झाली. सूचना आली की नाना ती मोठ्याने वाचतात, मग बँकेत फोन लावतात. एका अॅंटिव्हायरसचं नूतनीकरण त्यांनी असंच थांबवलं. व्हायरस आला नाही, त्या कंपनीचा माणूस मात्र आठवडाभर फोनवर येत राहिला.

आता मूळ प्रश्न. आमच्या ह्या मायक्रोसॉफ्ट ३६५च्या फॅमिली योजनेत सहा माणसं बसतात. प्रत्येकाचं वेगळं खातं, प्रत्येकाला एक टेराबाइट जागा. मी, बायको, मुलगी, नाना. झेरॉक्सच्या प्रकारानंतर पाचवी जागा मानाने दाजींना. ताई म्हणाली, "त्यांना दिली म्हणजे मला दिली," आणि दाजींचा पासवर्ड वापरू लागली. नानांनी तिला स्पष्ट सांगितलं, "हे पोटभाडेकरू झालं. पोटच्या पोरीलाही चालणार नाही." ताई चार दिवस बोलली नाही.

सहाव्या जागेवर दोन दावे होते. एक आत्याचा. आत्याकडे फोटो आहेत, आणि फोटो म्हणजे रोज सकाळी येणारी गुलाबाची फुलं, सूर्योदय आणि गणपती. ते ती पुसत नाही, कारण देवाचं चित्र पुसायचं कसं? दुसरा दावा भाचीचा. ती कोथरूडला डिझायनर आहे. तिचं अडोबीचं लायसन्स दोन संगणकांवर चालू ठेवता येतं, पण एका वेळी एकावरच काम करता येतं. ह्या अटीमुळे ती जगातल्या सगळ्या अटींवर चिडलेली असते. ती म्हणाली, माझं काम आहे, आत्याआजीचे गुलाब आहेत. आत्या म्हणाली, "अरे, हिला आज ना उद्या दुसऱ्या घरी जायचंय, तिथे मिळेल की."

हे वाक्य आत्याने सहज टाकलं होतं, पण दाजींनी ते उचललं. भाचीसाठी तेव्हा नगरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा आयटीत, आईवडील आणि धाकटा भाऊ. पत्रिका जुळत होती, पगार ठीक होता, आणि दाजी तरीही कुरकुरत होते. कांदेपोह्यांनंतर त्यांनी मुलाला बाजूला घेऊन बराच वेळ चौकशी केली. परत आले ते उजळलेल्या चेहऱ्याने.

"घर चांगलं आहे. त्यांच्याकडे स्वतःची फॅमिली योजना आहे. माणसं चार, जागा सहा."

नानांनी मान डोलावली. भाचीने कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाली नाही. आत्या हिशेब करत बसली. चारात एक भाची मिळवली तर पाच, म्हणजे तिकडेही एक जागा रिकामी राहते. मी म्हटलं, "आत्या, तू इथलीच घे, भाची जाणारच आहे." तर ती म्हणाली, "इथली राहू दे, नातजावयाला लागेल कधी. मी तिकडचीच घेईन." मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "पण मुलाकडच्यांकडे आत्ताच कसं मागायचं? साखरपुडा तरी होऊ दे."