सासूबाईंच्या डोक्यातली खुंटी

वहिनी, दोन डहाळ्या कढीपत्ता घेतेय हो तुमच्या झाडाचा. नाही, आधी तुमचा कुकर उतरवा, मी आहे इथेच. ह्यांचा चहा झालाय, सासूबाई पूजेला बसल्यात, म्हणजे अर्धा तास माझाच.

उतरवलात? बरं, ऐका. काल आमच्या फोटोवाल्यांची बैठक होती. तीच हो, महिन्यातून एकदा रविवारी जमतो ती. बारा-पंधरा जण. कुणी रिटायर झालेलं, कुणी शिकवण्या घेणारं, एक कॉलेजातला पोरगा, आणि मी. प्रत्येकाने दोन फोटो न्यायचे, पडद्यावर लावायचे आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. बोलायचं म्हणजे काय, तर "वा", "क्या बात है", "एकच नंबर". पाऊस ओसरला की सगळ्यांचे फोटो कासचेच. साताऱ्यापासून २५ किलोमीटरवर पठार, कोण सोडतंय! तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, पुन्हा तेरडा. आणि प्रत्येकाला "वा". बारशाला गेल्यासारखं वाटतं मला. तिथे कुणी म्हणतं का, बाळाचं नाक जरा बसकं आहे म्हणून?

एकांनी गेंदाच्या फुलांचा गालिचा आणला होता. पांढराशुभ्र असतो ना तो? यांचा दिसत होता चुलीतल्या राखेसारखा. त्यात त्यांचा दोष नाही. कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते कळतच नाही, जग सरासरी करडं आहे असं धरून तो उजेड मोजतो. समोर सगळं पांढरं आलं की म्हणतो, उजेड फार झाला, आणि करून टाकतो मळकं. आपण हाताने एक पायरी उजेड वाढवायचा, बास. दोन मिनिटांची गोष्ट. पण पंधरा जणांत एकाने सांगितली नाही. मीही नाही. "वा" म्हटलं आणि भडंगाची पुडी पुढे सरकवली.

आता दुसरं टोक. आमच्यात एक ज्येष्ठ आहेत. नाव कशाला, तुम्ही लगेच ओळखाल. त्यांच्याकडे हातभर लेन्स आहे आणि तोंडही तसंच, लांबचा दोष बरोबर टिपतं. त्या पोराने मागे भिगवणचे रोहित दाखवले होते. हे एका दमात सुरू. क्षितिज वाकडं, फोकस चुकला, पंख पुसट, ऊन डोक्यावरचं, असले फोटो ठेवू नयेत. पोरगं मान खाली घालून बसलं ते दोन महिने फिरकलं नाही. दोष खरेच होते म्हणा. उजनीचं पाणी एका कडेने सांडतंय की काय असं वाटत होतं! पण चार गोष्टी एकदम सांगितल्या की माणूस एकही धड करत नाही. सुनेचं नाही का तसंच? त्याला एवढंच सांगायचं होतं, की बाबा, तू शटर दोनशेवर ठेवलंस, उडत्या पाखराला हजार तरी लागतं. पुढच्या खेपेला त्याने तेवढं नक्की केलं असतं.

तर काल माझा नंबर होता. सासूबाई चुलीपुढे भाकरी थापतायत, गावच्या घरातला. तुम्हाला मोबाईलवर दाखवलेला बघा, तुम्हीही "छान" म्हणाला होतात. आमच्यात नवीन एक बाई आल्यात, शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्या उठून थेट पडद्यापाशी गेल्या. माझ्या पोटात गोळा. तर म्हणतात कशा, "ताई, मला आधी हात दिसले. बोटांच्या भेगांत बसलेलं पीठसुद्धा. मग भाकरी. आणि मग डोळा वर गेला तो आजींच्या डोक्यातून उगवलेल्या खुंटीवर. तिला टोपी पण आहे!"

अहो, चार महिने तो फोटो बघतेय मी, मला खुंटी दिसली नव्हती! मामंजींची टोपी बरोबर डोक्यावर तरंगतेय. समोर उभं असताना भिंत मागे राहते आणि माणूस पुढे, फोटोत मात्र सगळं एकाच पानावर येऊन चिकटतं. "अर्धं पाऊल सरकला असतात तर खुंटी बाजूला गेली असती," एवढंच म्हणाल्या. राग नाही आला हो. आधी हात बघितले होते ना त्यांनी.

लगेच आमचे ज्येष्ठ, "थापता हात हललाय, शटर पंधरावर आहे." बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला हात हललेलाच हवा होता का?" वहिनी, काय मोह झाला म्हणून सांगू, हो म्हणायचा! भाकरीचा वेग पकडलाय वगैरे. पण खरं सांगितलं, अंधार होता, जमलं नाही. तर म्हणाल्या, "मग आता ठरवून हलू द्या. चेहरा स्थिर, थापता हात पुसट. भिंतीला टेकून घ्या म्हणजे तुमचा हात हलणार नाही." आता ह्या दिवाळीत सासूबाईंना पुन्हा बसवणार आहे चुलीपुढे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

गंमत तर पुढेच. बाई म्हणाल्या, उजवीकडची प्लास्टिकची बादली कापून टाका. ज्येष्ठ उसळले. तो मोठा फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ, तो फोटो कापत नसे म्हणे! बाई शांतपणे म्हणाल्या, "१९३२चा तो पॅरिसचा फोटो आठवतोय? सें-लाझार स्टेशनामागे पाण्यावरून उडी मारणारा माणूस? तो त्याने फळ्यांच्या कुंपणाच्या फटीतून काढला होता. डावीकडे फळी आली, ती कापावीच लागली त्यालासुद्धा." ज्येष्ठांनी लेन्सचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. घ्या, म्हणजे कुंपणातून डोकावणाऱ्या आपण दोघीच नाही.

काय? परवाची आमटी? छान होती की. नाही, खरंच छान. अहो, असं काय बघताय? बरं, सांगते. मला आधी गूळ लागला. मग गोडा मसाला, वास तर काय सुरेख होता. मग... वहिनी, तुम्हाला ती अळणीच करायची होती का?

अहो, अहो, डहाळी कशाला ओढताय, फोडणीला हवीय मला ती!