ओव्हररेटेड काका

नाहूरला स्लो लोकलच थांबते. फास्ट गाड्या भांडुप आणि मुलुंडच्या मधलं हे स्टेशन जणू नकाशातच नाही अशा तोऱ्यात धडधडत निघून जातात. काकांच्या चित्रपटविषयक तत्त्वज्ञानाचा उगम याच प्लॅटफॉर्मवर झाला असावा. "मुलुंडला फास्ट थांबते, नाहूरला नाही. म्हणून मुलुंड क्लासिक आणि आम्ही काय बी ग्रेड? कुणीतरी एकदा टाइमटेबल छापलं आणि तुम्ही सगळे तिथेच उतरायला लागलात. सिनेमाचंही तेच!"

काकांचं खरं नाव सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीवर आहे. मुलांनी ठेवलेलं नाव मात्र 'ओव्हररेटेड काका', आणि ते त्यांना मनापासून आवडतं. भांडुपच्या एका कारखान्यात आयुष्य काढलं. एलबीएस रोडवरचे कारखाने गेले, टॉवर आले, त्यातल्याच एका टॉवरमध्ये मुलाने घर घेतलं आणि काका बाराव्या मजल्यावरून जागतिक चित्रपटसृष्टीकडे बघू लागले. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं. पण 'अजरामर कलाकृती' हे शब्द कुणी पार्किंगमध्ये पुटपुटले, तरी काका लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली उतरतात.

असा माणूस प्रत्येक सोसायटीत एक असतो. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, स्मशानातल्या बाकावरही असतो. तुम्ही 'पथेर पांचाली' म्हणालात की तो थोडं हसतो. ते हसू फार वाईट असतं. त्यात तुमची कीव असते. मग पहिला घाव पडतो. "ती पोरं आगगाडी बघायला धावतात, तो सीन ना? गाडी यायला एवढा वेळ? मेगाब्लॉक होता काय?"

'शोले'बद्दल काकांचा निकाल फार पूर्वी लागलेला आहे. 15 ऑगस्ट 1975 ला लागला, मिनर्व्हाला पाच वर्षांहून जास्त चालला, हे त्यांना मान्य. पण फिल्मफेअरचं बक्षीस किती जणांना मिळालं? एकालाच, एडिटर एम. एस. शिंदे यांना. "म्हणजे नको ते कापून टाकणारा एक मराठी माणूस सोडला, तर त्या सिनेमात कुणी बक्षिसाच्या लायकीचं नव्हतं. मी नाही म्हणत, परीक्षकच म्हणतात." एरवी परीक्षकांना काका अक्कलशून्य समजतात. तेवढ्या एका वर्षी त्यांना सूट आहे.

मराठी सिनेमाला ते जास्त निर्दयपणे वागवतात, कारण तो घरचा. 'सांगत्ये ऐका' 1959 साली पुण्याच्या विजयानंदला लागला आणि 131 आठवडे हलला नाही, हे ऐकून काकांनी एवढंच विचारलं, "तेव्हा पुण्यात दुसरं थिएटर नव्हतं काय?" 'पिंजरा' म्हटलं की, "मूळ जर्मन. 'ब्लू एंजल', 1930. आपण फक्त ढोलकी घातली." आता त्या ढोलकीतच सगळी गंमत आहे आणि डॉ. लागूंचा मास्तर जर्मनीत सापडला नसता, हे माझं मत. मी ते काकांसमोर मांडत नाही.

'श्यामची आई'वर त्यांचा वैयक्तिक राग आहे. आचार्य अत्र्यांच्या या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं आणि तेव्हापासून तो शाळेत दाखवायचा सिनेमा झाला. काकांना तो शाळेने दाखवला, वर्गणी घेऊन, हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून. शिवाय घरी आल्यावर आईने, "बघितलंस ना? तो श्याम बघ आणि तू बघ," असं सुनावलं. एवढं सोसल्यावर वनमालाबाईंच्या अभिनयाबद्दल त्यांच्याकडून न्यायाची अपेक्षा कशी करावी? त्यानंतर मराठी चित्रपटाला देशात सर्वोत्कृष्ट ठरायला पन्नास वर्षं थांबावं लागलं, थेट 'श्वास'पर्यंत. काकांच्या मते या पन्नास वर्षांत अख्खा महाराष्ट्र डोळे पुसत बसला होता.

ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकाची यादी हा त्यांचा दिवाळीचा फराळ. दर दहा वर्षांनी समीक्षकांची मतं घेऊन ते जगातले श्रेष्ठ चित्रपट ठरवतात. 1962 पासून 2002 पर्यंत प्रत्येक वेळी 'सिटिझन केन' पहिला. 2012 मध्ये 'व्हर्टिगो'. 2022 मध्ये शांताल अकेरमन या बाईंचा 'जान दिलमन'. दहा वर्षांत मतदार 846 वरून 1639 झाले आणि सिंहासन हललं. "बघा! पन्नास वर्षं जो जगात श्रेष्ठ होता तो रातोरात तिसरा? सिनेमा तोच, रीळ तेच. मग बदललं काय? मोजणारे बदलले!" इथे काकांचा मुद्दा बिनतोड आहे, हे कबूल केलं पाहिजे.

हा 'जान दिलमन' साडेतीन तासांना थोडा कमी. त्यात एक बाई बटाटे सोलते, भांडी घासते, बिछाना आवरते, आणि कॅमेरा तिच्यासमोर ढिम्म बसून राहतो. काकांनी तो मुलाच्या लॅपटॉपवर पाहायला घेतला. काकू मागून येऊन पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं हेच करतेय. तुम्ही कधी बघत बसलात?" मला वाटतं, त्या सिनेमाचं याहून नेमकं परीक्षण कुठल्याही भाषेत झालेलं नसेल. काका गप्प झाले आणि त्यांनी बटाटे सोलायला घेतले. दोन बटाट्यांनंतर "हेही ओव्हररेटेड आहे," म्हणून उठले.

सत्यजित राय झाले, ऑर्सन वेल्स झाले, सोसायटीने सगळे खून पचवले. पण एका रविवारी काका 'अशी ही बनवाबनवी'बद्दल बोलले. एवढंच म्हणाले की, 1988 चा हा सिनेमा हृषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या 'बीवी और मकान'वरून घेतलाय. झालं! सिनेमातल्या त्या सत्तर रुपयांची शपथ घेऊन लोक एकत्र आले. 'यांना सोसायटीच्या ग्रुपमधून काढा' अशी मागणी झाली आणि तिला एका तासात दोन्ही विंगचा पाठिंबा मिळाला. पाण्याच्या टँकरवरही आमच्याकडे इतकं एकमत झालेलं नाही. घरी काकूंनी चहा दिला, पण साखर विसरल्या.

काकांनी सांगितलेली गोष्ट खरी होती, हे वेगळं सांगायला नको. पण मुखर्जींसारख्या दिग्गजाचं मूळ आज प्रश्नमंजूषेपुरतं उरलंय आणि नक्कल घराघरांत तोंडपाठ आहे. टीव्हीवर चॅनेल बदलताना ती अधूनमधून कुठूनही सुरू झालेली दिसली की बोट थांबतं. मोठेपणाची याहून सोपी कसोटी मला माहीत नाही. या कसोटीत पदकवाले कितीतरी सिनेमे बसत नाहीत आणि पदकांनी कधी विचारलं नाही ते दादा कोंडके हमखास बसतात.

काकांचं गुपित फुटलं ते लिफ्टमध्ये. सातव्या मजल्यावरची, पवईला आयटीत असलेली मुलगी मैत्रिणीला सांगत होती, "सिंहासन? बाबा म्हणतात क्लासिक आहे. पण फार स्लो आहे म्हणे, आणि ब्लॅक अँड व्हाइट." काकांनी लिफ्टच्या दारात पाय अडकवला. तळमजला, पहिला मजला आणि तिसरा मजला बटणं दाबत राहिले. इकडे काकांनी अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांतून तेंडुलकरांनी एक पटकथा कशी ओवली, अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री किती कमी बोलून किती सांगतो, निळू फुल्यांचा दिगू टिपणीस शेवटी कसा आणि का कोसळतो, सगळं सांगितलं. हावभावांसकट. मुलगी भांबावून म्हणाली, "पण काका, तुम्हीच तर गेल्या महिन्यात म्हणालात, ओव्हररेटेड आहे!"

"मी म्हणतो ते दहा वेळा बघून. तू म्हणतेस ते एकदाही न बघता. पाय काढतो, जा."

मग मी इतरांकडे चौकशी केली. 'श्यामची आई'ला अजरामर म्हणणाऱ्यांनी तो शेवटचा शाळेत पाहिला होता. 'प्यासा'वर गहिवरणाऱ्या गृहस्थांनी गाणी पाहिली होती. 'सिटिझन केन'ला मान डोलावणाऱ्या प्राध्यापकांनी लेख वाचला होता. या टॉवरमध्ये क्लासिक सिनेमे पाहणारा माणूस एकच निघाला, आणि तो त्यांना शिव्या देणारा.

गेल्या गणपतीत पार्किंगमध्ये पडदा लावून 'संत तुकाराम' दाखवला. प्रभात, 1936, दामले-फत्तेलाल. काका आधीच सांगून बसले की, व्हेनिसवाल्यांनी उगाच कौतुक केलंय, आणि यातला एक अभंग तुकोबांचा नसून शांताराम आठवल्यांचा आहे, लोक उगीच गाथेत शोधत बसले. ही माहिती ते तक्रार म्हणून देत होते. मला तर एखाद्या गीतकाराला याहून मोठं पदक सुचत नाही. गौरीबाईंची जिजाई चप्पल घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरली, तेव्हा पोरंसोरंही मोबाइल खाली ठेवून हसत होती. शेवटी विमान आलं. "दोरी दिसते," काका म्हणाले. आम्हाला कुणालाच दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी मी निकाल विचारला. "पागनीसांचा तुकाराम ठीक. ती गौरी मात्र अंडररेटेड आहे."

यंदा कमिटीने 'सामना' ठरवला आहे. काकांनी लेखी हरकत नोंदवली आहे, आणि पहिल्या रांगेत पंख्याखालची खुर्ची राखून ठेवायला सांगितली आहे.