मुकादमाआड दडलेल्या चेअरमनना खुलं पत्र

चेअरमन साहेब,



तुमचं नाव लिहीत नाही. सातारा-सांगलीतल्या ज्या साखर कारखान्याला हे लागू पडेल, त्याच्या चेअरमननी पत्र आपल्यालाच आलंय असं समजावं. मी कोयनानगरहून लिहितोय. आमच्या धरणातून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत मिसळतं आणि पुढे तुमच्या उसाला जातं. या पाण्यासाठी आमच्या खोऱ्यातली गावं उठली. त्यावर वाढलेला ऊस कोण तोडतं आणि कोणत्या हालात तोडतं, हे विचारायचा हक्क आम्हाला आहे.

तुम्ही म्हणता, "तोडकरी आमचे नाहीत, त्यांना आणणाऱ्या मुकादमाचे आहेत." मग तोडकऱ्यांना आगाऊ द्यायची मुकादमाच्या हातातली उचल कुणाच्या तिजोरीतून निघते? तोडणीचा दर ठरवायला साखर संघ कुणाच्या वतीनं बसतो? जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ ठरली, तेव्हा टेबलावर तुमचीच माणसं होती. दर ठरवायला मालक आणि जबाबदारी आली की परके, हे चालणार नाही.

बीडहून आलेलं जोडपं तुमच्या कागदावर दोन माणसं नसतं, तो एक 'कोयता' असतो. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. करार नवऱ्याशी, हिशेब नवऱ्याच्या नावे. ती आजारी पडली, पाळीनं बेजार झाली, तरी दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याच्या दंडाचे पैसे उचलीत मिळवले जातात. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या सुमारे 82 हजार बायकांची पाहणी झाली, तर 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. खाडा परवडत नाही म्हणून शरीराचा भाग काढून टाकायची वेळ बायकांवर येते, साहेब. याला मजुरी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

भारतानं सक्तीच्या मजुरीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1930 चा करार 1954 मध्ये मान्य केला. राज्यघटनेच्या कलम 23 नं वेठबिगारी आधीच बंद केली होती. 1976 मध्ये वेठबिगार निर्मूलन कायदा आला. त्यानं उचलीपोटी माणसाला बांधून ठेवणारं कर्ज रद्द केलं आणि ते कर्ज तसलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर टाकली. एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या 1982 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हाच आंतरराष्ट्रीय करार समोर ठेवून सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं म्हणजे सक्तीची मजुरी. तिथंही सरकारी यंत्रणा म्हणत होती, माणसं ठेकेदाराची आहेत. न्यायालयानं ते ऐकलं नाही. तुमचा मुकादम त्या ठेकेदाराहून वेगळा कसा, ते एकदा वार्षिक सभेत सांगा.

बायकांचंही तसंच. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार आपण 1993 मध्ये मान्य केला. त्याच्याच आधारे कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 1997 चा विशाखा निकाल आला आणि 2000 मध्ये दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांना बाळंतपणाची रजा मिळाली. रस्त्यावर खडी टाकणाऱ्या बाईला जो हक्क मिळाला, तो तुमच्या फडातल्या बाईच्या वाट्याला अजून आलेला नाही, कारण तुमच्या रजिस्टरात ती नाहीच.

आंतरराज्य स्थलांतरितांसाठी 1979 चा कायदा झाला, पण बीड आणि सांगली एकाच राज्यात, म्हणून हे लोक त्यातूनही सुटले. ती फट सरकारची आहे, मान्य. तिच्यात बिऱ्हाड थाटलंत ते मात्र तुम्ही.

पुढच्या हंगामाचे करार होण्याआधी तीन गोष्टी करा. करारावर बायकोचं नाव आणि सही घ्या, तिचे पैसे तिच्या खात्यावर टाका आणि खाड्याची वसुली बंद करा. यासाठी नवा कायदा लागत नाही, तुमच्या संचालक मंडळाचा एक ठराव पुरतो. आणि सभासद शेतकऱ्यांनो, तो ठराव मांडायला कुणी पुढे येत नसेल, तर सभेत तुम्ही उभे राहा.