विचारा मुकादमाला

जानेवारी 2025. दावोसमध्ये महाराष्ट्राने 15.70 लाख कोटींचे करार केले. त्यातून रोजगार किती? सुमारे 16 लाख. आकडा तिथल्या तिथे तयार होता.

त्याच्या आदल्या वर्षी राज्यात पोलीस भरती निघाली होती. जागा 17,471. अर्ज पावणेअठरा लाखांच्या घरात.

म्हणजे दावोसच्या सगळ्या नोकऱ्या उद्या सकाळी खरोखर उगवल्या, तरी नुसत्या पोलीस भरतीच्या अर्जांनाही त्या पुरायच्या नाहीत. पण हा हिशेब मांडणार कोण? करार उद्योग खात्याचे, अर्ज गृह खात्याचे.

खरं तर हे अर्ज म्हणजे केवढा ऐवज! वय, शिक्षण, गाव, तालुका, सगळं त्यात आहे. भरतीही जिल्हावार. कुठल्या तालुक्यातली किती पदवीधर पोरं पहाटे रस्त्यावर धावतात, हे सरकारला बसल्या जागी कळू शकतं. या पाहणीचा खर्चसुद्धा उमेदवारांनीच फी भरून केलेला.

तिचा उपयोग होतोच. पोलीस भरतीची तयारी करून घेणारे अकादमीवाले करतात. कोणत्या गावात फ्लेक्स लावायचा, हे त्यांना बरोबर कळतं.

आता जिल्ह्याचा विकास आराखडा उघडा. पहिल्या पानांवर लोकसंख्या, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात '2011च्या जनगणनेनुसार'. पुढची जनगणना 2027ची. 2011ला पहिलीत असलेला पोरगा आज आयटीआय करून घरी बसलाय. आराखड्यात तो अजून बाराखडी गिरवतोय.

पालघरची तर और तऱ्हा. हा जिल्हा जन्मला 1 ऑगस्ट 2014 रोजी. त्यामुळे त्याची जनगणना ठाण्याच्या आकड्यांतून कापून काढावी लागते. बाळाच्या आधी बारसं!

नाही म्हणायला देशाच्या बेरोजगारीचा आकडा 2025पासून दरमहा मिळतो. एप्रिल 2025चा दर होता 5.1 टक्के. या मोजणीत मागच्या सात दिवसांत एक तास जरी काम केलं असेल, तरी माणूस रोजगारात धरतात. चुलत्याच्या पानटपरीवर बिनपगारी बसलेला पुतण्याही रोजगारात. घरचे त्याला बेकार म्हणतात. घरच्यांना सांख्यिकी कुठे कळते?

ही व्याख्या काही आपण काढलेली नाही, जगभर थोड्याफार फरकाने अशीच चालते. देशादेशांची तुलना करायला ठीक आहे. पण परभणीत वेल्डर लागणार की नर्स, हे तिला विचारून काय उपयोग?

त्यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे 2025पासून बेरोजगारीच्या या पाहणीचा नमुना बहुतेक ठिकाणी जिल्हा धरून काढतात. उशिरा का होईना, दिल्लीला जिल्हा दिसला.

जिल्ह्याला कधी दिसणार?

कारण जिल्ह्यात निर्णय वेगळ्याच आधारावर होतात. आयटीआयमध्ये कोणता ट्रेड चालवायचा? ज्याचं यंत्र आधीच पडून आहे आणि ज्याच्या शिल्पनिदेशकाची निवृत्ती लांब आहे, तो. बाजूच्या एमआयडीसीत कारखानदार मशीन चालवणारा माणूस मिळत नाही म्हणून रडतोय, आणि फाटकाबाहेर आयटीआय झालेली पोरं सिक्युरिटीच्या नोकरीसाठी उभी. मध्ये भिंत एकच. तिच्यावर 'कौशल्य विकास' असं लिहिलेलं.

आकडे गोळा करायची सोयच नव्हती म्हणाल, तर तीही होती. 1959चा कायदा. पंचवीस किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनीही रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायच्या आणि दर तिमाहीला विवरणपत्र भरायचं. माणसं किती, जागा किती, कोणत्या कामाला माणूस मिळत नाही, सगळं त्यात.

आणि विवरणपत्र भरलं नाही तर? पहिल्या गुन्ह्याला दंड अडीचशे रुपयांपर्यंत. पुन्हा केलात तर पाचशे!

मालकाने थरथर कापावं, अशी अपेक्षा असणार. 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा विलीन झाला आणि सेवायोजन कार्यालयाच्या जागी 'करिअर सेंटर' आलं. पाटी रंगवणाऱ्याला तरी काम मिळालं.

मग जिल्ह्यातल्या मजुरांचा खरा, ताजा, खात्रीचा हिशेब कोणाकडेच नाही?

आहे की. ऊसतोडीच्या मुकादमाकडे.

बीड, पाटोदा, आष्टी, पाथर्डी या पट्ट्यात पावसाळ्यात फिरून बघा. कोणत्या तांड्यावर यंदा किती कोयते निघणार, म्हणजे नवरा-बायकोच्या किती जोड्या, हे त्याला तोंडपाठ असतं. कोणाला किती उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली, कोणाची गेल्या हंगामातली अजून फिटलेली नाही, कोणाच्या घरी लग्न निघालंय, कोणाची बोअर आटली. कोण कर्नाटकात जायला तयार, कोणाला कोल्हापूरच हवं. मजुरीचा दर, मागणी, पुरवठा, कर्ज, स्थलांतर, सगळं एका वहीत. वहीला ना पोर्टल, ना पासवर्ड.

आणि ती चुकत का नाही? चुकली तर त्याचे स्वतःचे पैसे बुडतात म्हणून. जिल्ह्याचा अंदाज चुकला तर काय होतं? सुधारित प्रस्ताव.

मुकादमाची भलामण करायचा हेतू नाही. त्याची वही माणसं अडकवण्यासाठी असते. कोयता उचलीत एकदा सापडला की सुटता सुटत नाही. पण बघा, अकादमीवाल्याला बेकारी कुठे आहे ते ठाऊक, मुकादमाला गरज कुठे आहे ते ठाऊक, सिक्युरिटी एजन्सीला स्वस्त माणूस कुठे मिळतो ते ठाऊक. ज्याला यातून चार पैसे काढायचे आहेत, त्या प्रत्येकाकडे आकडा आहे.

ज्यांना त्याच माणसांवर चार पैसे खर्च करायचे आहेत, त्यांच्याकडे तेवढा नाही.

तेव्हा एक सूचना. जिल्हा नियोजन समितीवर विशेष निमंत्रितांची सोय असते. कार्यकर्त्यांची वर्णी लावून झाली की एक खुर्ची मुकादमाला द्या. फक्त बैठक दसऱ्याच्या आत घ्या. एकदा गाळप हंगाम सुरू झाला की मुकादम जिल्ह्यात नसतो. आणि ज्यांच्यासाठी रोजगार निर्माण करायचा, तेही नसतात.