नवख्या सदस्यासाठी निधी जिरवण्याची सोपी पद्धत

नवनिर्वाचित सदस्यहो, गुलाल धुवून झाला असेल तर कामाला लागा. गावाचा पैसा कुठे जावा हे आता तुम्ही ठरवायचं आहे. घाबरू नका. खालच्या सूचना क्रमाने पाळल्या की पाच वर्षं सुखात निघतात आणि दिव्यांग, म्हातारीकोतारी, त्यांची उसाभर करणारी माणसं यांपैकी कुणीही अंदाजपत्रकात डोकावत नाही.

१. नारळ फुटेल असंच काम निवडा. कसोटी एकच: भूमिपूजन होतं का? रस्त्याचं होतं, सभामंडपाचं होतं, वेशीवरच्या कमानीचं तर दणक्यात होतं. अंथरुणाला खिळलेल्या पोराची कूस रात्रीतून चारदा बदलणाऱ्या आईच्या कामाचं होत नाही. कोनशिला बसवणार कुठे? तेव्हा तो विषय अजेंड्यावर घेऊ नये.

२. रस्ता असेल तिथेच पुन्हा रस्ता करावा. चौक ते देऊळ या पट्ट्यात पेव्हर ब्लॉक उखडून नवे पेव्हर ब्लॉक बसवणं हे सर्वांत सुरक्षित काम. लांबच्या पाड्याचा आग्रह धरणाऱ्याला नियम दाखवा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आखली तेव्हा सपाटीवर ५०० आणि डोंगरी-आदिवासी भागात २५० लोकवस्तीची अट होती. त्याहून लहान पाड्यावरची बाळंतीण झोळीतून खाली येते. झोळीला निविदा लागत नाही आणि तिच्यात खड्डेही पडत नाहीत.

३. रॅम्प जरूर बांधा, फक्त कोणी चढणार नाही असा. सरकारी मानक सांगतं, उतार १:१२ असावा. म्हणजे ग्रामपंचायतीचा ओटा दीड फूट उंच असेल तर रॅम्प हवा १८ फूट. तेवढ्या जागेत सरपंचांची गाडी उभी राहते. म्हणून पाच फुटांत उरका, वर गुळगुळीत फरशी लावा, कठडा पुढच्या वर्षीच्या आराखड्यात ढकला. पायथ्याशी मोटारसायकली लागतीलच, त्यासाठी ठराव करावा लागत नाही. फोटो समोरून घ्या, म्हणजे उतार कळत नाही. चाकाच्या खुर्चीतला माणूस वर पोचला नाही की त्याची हरकत खालीच राहते आणि इतिवृत्त स्वच्छ राहतं.

४. टक्क्यांचं गणित शिकून घ्या. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. समजा, वसुली सहा लाख झाली, तर दिव्यांगांचे झाले तीस हजार. गावात तीस दिव्यांग असतील, तर प्रत्येकी एक हजार. कुणाला कुबडी हवी, कुणाला श्रवणयंत्र, कुणाला नुसता संडासात धरायला लोखंडी दांडा, हे विचारत बसू नये. सरसकट वाटप करावं, मार्चअखेर करावं आणि हार घालून करावं. हुशार मंडळी याच्याही पुढे जातात: मतदार दुखावू नये म्हणून घरपट्टीच वसूल करत नाहीत. शून्याचे पाच टक्के कोणत्याही लेखापरीक्षणात बिनचूक निघतात.

५. सांभाळणाऱ्यांचा विषय निघालाच, तर कायदा पुढे करा. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. पण त्याच कलमात सरकारच्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशा अर्थाची सोयही आहे. हे शब्द पाठ करा, आयुष्यभर पुरतात. कुणी दिल्लीकडे बोट दाखवलं तर सांगा, दिल्लीनेही क्षमता ओळखली आहे: दारिद्र्यरेषेखालच्या, ८० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या माणसासाठी केंद्राचं निवृत्तिवेतन २०१२ पासून महिना ३०० रुपयांवर आहे. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून पगार आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता. म्हणजे मदतनीस बाई नेमता येत नव्हती, तिच्या नावाने बाकडं मात्र बसवता येत होतं.

६. ग्रामसभा तहकूब होऊ द्या. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे चहा गार व्हायच्या आत आराखडा मंजूर होतो. सभा शेतीच्या ऐन घाईत, दुपारी ठेवा. घरी आजारी माणूस असलेली बाई तेव्हा येऊच शकत नाही. वही मात्र तिच्या दारी पाठवा, सहीपुरती.

एवढं केलंत की पुढच्या निवडणुकीत दाखवायला कमान आहे, ब्लॉक आहेत, रॅम्पही आहे.

मतदारांनी ही पुस्तिका वाचली तर मात्र अवघड होईल. कारण गावाचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो, आणि रॅम्प मोजायला एक टेप पुरते. रस्ते हवेतच. पण ज्या घरातून माणूस रस्त्यापर्यंतच येऊ शकत नाही, त्या घराचा वाटाही त्याच तिजोरीत आहे. तेव्हा येत्या ग्रामसभेला जा, उंबऱ्यात अडकलेल्या एखाद्या शेजाऱ्याला बरोबर न्या आणि एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षीचे पाच टक्के कुणाच्या घरी पोचले? मिळेल ते उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.