आधी तोल, मग पायडल

सायकल शिकवण्याचे क्लास निघाले आहेत. शनिवार-रविवारची बॅच, सायकल त्यांची, हेल्मेट त्यांचं, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र. पोहण्याला क्लास लावतो, बुद्धिबळाला लावतो, मग सायकलला का नको, असं पालक विचारतात.

पोहता न येणारं मूल बुडतं. सायकल न येणारं मूल पाय टेकतं.

तेव्हा स्पष्टच सांगायचं तर तोल सांभाळायला आईबापांनीच शिकवावं. काही संध्याकाळींचं काम आहे. ज्या मुलाला तोलाची, नजरेची किंवा स्नायूंची अडचण आहे त्याला जाणकार प्रशिक्षक हवा, यात वाद नाही. बाकीच्यांना प्रशिक्षक कशासाठी?

आपण शिकवतो, पण उलट्या क्रमाने. 1817 मध्ये जर्मनीत कार्ल फॉन ड्राइसने दुचाकी बनवली तेव्हा तिला पायडल नव्हतं. बसायचं आणि जमिनीला पाय रेटत पुढे जायचं. पायडल आलं 1860 च्या दशकात, पॅरिसमध्ये. जग आधी तोल शिकलं, मग पायडल. आपण पोराला आधी पायडल मारायला लावतो आणि ते घाबरलं की त्यालाच भित्रं म्हणतो.

त्यात ती बाजूची दोन छोटी चाकं. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल किंचित वळवलं की ती सावरते. तोल सांभाळणं म्हणजे मुख्यतः हेच. छोटी चाकं सायकलला कलूच देत नाहीत. मग मूल शिकतं काय? पायडल मारणं. ते तर त्याला तीनचाकीवरच येत होतं.

चाकं काढा. पायडलही काढा.

15 चा पाना लागतो, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे मिळेल. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, नाहीतर सोडवायला जाल आणि घट्ट करून बसाल. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे जमिनीवर टेकतील. हलका उतार शोधा. मूल आधी चालेल, मग पाय रेटेल, मग दोन्ही पाय उचलून लांबवर जाईल. वळणं घेऊ लागलं की पायडल परत बसवा. मागे धावायची हौस असेल तर खांद्याला हलका हात ठेवा, हँडल धरू नका. हँडल तुमच्या हातात असेल तर तोल तुम्ही सांभाळताय, मूल नाही.

अर्थात घोळ दुकानातच सुरू होतो. 16 इंची चाकं पुरणाऱ्या मुलाला आपण 20 इंची घेतो. ‘दोन-तीन वर्षं तरी चालली पाहिजे!’ बूट मोठा झाला तर पुढे कापूस घालता येतो. सायकलमध्ये काय घालणार?

यावर जुने लोक म्हणतात, आम्ही मोठ्यांच्याच सायकलवर शिकलो. ताशी भाड्याची सायकल, नळीखालून घातलेला पाय, अर्धं पायडल, फुटलेले गुडघे. सगळं खरं.

तेव्हा तुमच्या बहिणी कुठे होत्या?

आज मुलाला शिकवावं म्हणून आपण ज्यांच्याकडे बघतो, त्यातल्या कितीतरी आयांना लहानपणी कुणी सायकलला हात लावू दिला नाही. त्यांच्यासाठी क्लास जरूर हवा. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, शीला राणी चुंकत जिल्हाधिकारी असताना, साक्षरता मोहिमेने बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. शेतमजूर, खाणीत राबणाऱ्या, अंगणवाडीतल्या अशा हजारो जणी शिकल्या. बाजार, दवाखाना, पाणी, काही म्हणता काही कुणाच्या मर्जीवर राहिलं नाही. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. छान. त्यांच्या आयांना शिकवायला कोण जाणार?

आणि मुलांनाही एका गोष्टीसाठी शिक्षक हवा. रस्त्यासाठी. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची रहदारीची परीक्षा होते, लेखी आणि प्रत्यक्ष रस्त्यावरची. तोल घरी शिकून झालेला असतो, शाळा रस्ता शिकवते. आपल्या क्लासची फी भरण्याआधी एवढंच विचारा: हँडल न हलवता मागे वळून बघायला शिकवता का? हात दाखवून वळायला? उभ्या मोटारीचं दार अचानक उघडेल म्हणून अंतर राखायला? वळणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला आपण दिसत नसतो हे सांगता का?

की नुसते प्लास्टिकच्या कोनांभोवती गोल गोल?

गोल फिरवायचं असेल तर पैसे कसले मागता? पण लोक ते देतात, आणि त्याला कारण आहे. ही फी शिकवण्याची कमी, सपाट मोकळ्या जागेची जास्त. घराजवळ ती जागा उरलीच नाही. बाप शिकवायला तयार आहे, आई तयार आहे, पाना आणलाय, पायडल काढलंय. आता जायचं कुठे?

सोसायटीच्या आवारात जावं तर फाटकावर पाटी: येथे सायकल चालवण्यास मनाई आहे. आवारात दोन्ही बाजूंना मोटारी. ओरखडा उठेल याची काळजी पोराच्या गुडघ्यापेक्षा मोठी. बागेत जावं तर तिथेही पाटी. फुटपाथवर आधीच दुचाकी चढलेल्या.

निदान पुण्याने तरी अशी वेळ आणायला नको होती. सायकलींचं शहर म्हणून ज्याची ओळख होती, ज्याने 2017 मध्ये सायकलींचा स्वतंत्र आराखडा केला, त्या शहरात सायकल मार्ग सापडला तर त्यावर गाड्या लावलेल्या. मोठ्यांनाच जिथे धड चालवता येत नाही, तिथे सहा वर्षांच्या मुलाने शिकायचं?

मैदानं महापालिकेकडे मागत राहूच, मागितलीच पाहिजेत. पण आवार तर आपलं आहे. त्यासाठी निविदा लागत नाही, नगरसेवक लागत नाही. रविवारी सकाळी सात ते नऊ एका बाजूच्या गाड्या बाहेर काढायच्या, फाटक लावायचं, पोरांना सोडायचं. दोन तास. मोटारीला तेवढं बाहेर उभं राहता येतं.

सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेत हा ठराव मांडा. मतदान हात वर करून घ्या. आणि विरोध करणाऱ्यांची नावं इतिवृत्तात लिहायला लावा.