ब्रह्माघाटावर इटालियन बिऱ्हाड

एस्प्रेसोचं यंत्र जन्माला आलं ते माणसांच्या घाईपोटी. १८८४ साली तुरिनच्या अँजेलो मोरिओन्दोंनी वाफेवर कॉफी काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरांनी ते एकेका कपापुरतं सुधारलं. कॉफीच्या सुट्टीत कामगारांचा फार वेळ जातो हे त्यांना बघवत नसे, असं सांगतात. पुढे आकिले गाजियांनी वाफेला रजा दिली, नुसत्या गरम पाण्याला दाब दिला आणि कॉफीवर तांबूस साय धरली. तिला क्रेमा म्हणतात. १९८५ साली साएको कंपनीने दाणे दळण्यापासून कप भरण्यापर्यंत सगळं आपलं आपण करणारं घरगुती मशीन आणलं. म्हणजे इटलीतली हुशार माणसं शंभर वर्षं एकाच विवंचनेत होती : कपभर कॉफी अर्ध्या मिनिटात कशी निघेल?

आणि त्या विवंचनेचं फळ येऊन पडलं कुठे, तर काशीत!

काशीत घाई कुणालाच नसते. मणिकर्णिकेकडे निघालेल्या मंडळींना थोडी असते, पण तीही खांदेकऱ्यांना. ज्याला नेतात तो निवांत असतो. इथे माणूस सकाळी चहाला घराबाहेर पडतो तेव्हा घरचे ‘जेवायला येशील ना?’ असं विचारतात. एका कुल्हडावर देशाचं परराष्ट्र धोरण ठरतं, दुसऱ्यावर ते मोडीत निघतं. अशा गावात वेळ वाचवून तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न तुरिनच्या, मिलानच्या कोणत्याही गृहस्थांना पडलेला दिसत नाही.

आमचं घर ब्रह्माघाटाच्या गल्लीत. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा हा पट्टा काशीतल्या मराठी माणसांचा. आमचे पूर्वज कोकणातून वेद शिकायला आले आणि परतीचं विसरले. मराठी माणसाने काशीला काय दिलं याची यादी लहानपणी आम्हाला पाठ करावी लागे. अहिल्याबाईंनी १७८० साली विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभारलं. नागपूरकर भोसल्यांनी घाट बांधला. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास इतका भरभक्कम घाट बांधला, की तो स्वतःच्याच वजनाने नदीत खचला. या यादीत आमच्या पिढीची भर म्हणजे हे कॉफीचं मशीन. ते ओट्यावर ठेवताना बायजाबाईंची आठवण ठेवून खाली विटांचा टेकू दिला.

मशीन धाडलं लेकीने, पुण्याहून. फोनवर म्हणाली, “बाबा, काही करायचं नाही. फक्त बटण दाबायचं.” त्याची किंमत विचारायची सोय नव्हती. बायकोने गुपचूप फोनवर शोधली आणि तिन्हीसांजेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. या जातीच्या मशीनला चाळीस-पन्नास हजार सहज पडतात आणि वर जायला हद्द नाही.

आमच्या गल्लीत गाडी येत नाही. खोकं मैदागिनला उतरलं आणि तिथून एका पल्लेदाराच्या डोक्यावर निघालं. वाटेत एक नंदी आडवा बसलेला. तो उठेपर्यंत पल्लेदार थांबला, आणि तो थांबला तेवढ्यात गल्लीने खोक्याची चौकशी पूर्ण केली. मोठं खोकं, वर विजेचं चित्र, नेणार मराठी पंडितजींकडे, आणि त्यांच्या घरी म्हातारी आई. खोकं दारात यायच्या आधी शेजारचे साडीवाले गंभीर चेहऱ्याने आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “माताजी को ऑक्सिजन कब से लग गया?” दार माताजींनीच उघडलं होतं.

बातमी अशी पसरल्यावर सगळ्यांना कॉफी पाजणं भाग होतं. आता, काशीच्या माणसाला एस्प्रेसो माहीत नाही असं नाही. तो तिला लग्नातून ओळखतो. वरातीच्या मांडवात, चाटच्या शेजारी, एक मोठं चकचकीत यंत्र असतं. त्याची नळी दुधाच्या भांड्यात खुपसली की फुस्स करून वाफ सुटते, वर हा एवढा फेस येतो, फेसावर चॉकलेटची पूड भुरभुरतात, आणि पाहुणे बशीसकट रांगेत उभे राहतात. त्या कॉफीत कॉफी नावापुरतीच. अशा तयारीने बसलेल्या साडीवाल्यांपुढे माझ्या मशीनने खरखर केली, घुरघुर केली आणि वाटीएवढ्या कपात तीसेक मिलिलिटर काळा अर्क सोडला. त्यांनी कप आतून पाहिला, तळाकडून पाहिला, एका घोटात संपवला आणि अदबीने म्हणाले, “गुरु, ई त चाखै बदे हौ. असली कब आई?”

मी त्यांना शास्त्र सांगायला गेलो. आत सातआठ ग्रॅम दाणे दळले जातात, दाबून त्यांची वडी होते, नव्वदीच्या पुढच्या तापमानाचं पाणी नऊ बारच्या दाबाने तिच्यातून जातं, पंचवीस-तीस सेकंदांत काम संपतं. नऊ बार म्हणजे हवेच्या दाबाच्या नऊपट. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “इतना परेशान करेंगे तो कड़वी तो होगी ही.”

इथवर सगळं लेकीने सांगितल्याबरहुकूम चाललं होतं. बटण दाबायचं, बस्स. पुढचं तिने सांगितलं नव्हतं. हे मशीन बोलतं. त्याच्या कपाळावर एक पट्टी आहे, तिच्यावर हुकूम उमटतात. पाणी भरा. दाणे भरा. चोथा काढा. ट्रे रिकामा करा. कॉफी मागायला मी जातो आणि कामं घेऊन परत येतो. सकाळी सुरू केलं की ते आधी स्वतःच्या नळ्या खंगाळून घेतं, रात्री बंद करताना पुन्हा खंगाळतं, आणि हे सगळं उष्टं पाणी खालच्या ट्रेमध्ये. ट्रे भरत आला की त्यातून एक लाल बोंडूक वर येतं. ऑगस्टमध्ये राजघाटाला गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर, ही संख्या इथल्या पोराटोरांना दशांशासकट पाठ असते. आमच्या घरी त्या दिवसांत दोन पुरांवर नजर ठेवावी लागते. गंगा तरी वर्षातून एकदाच चढते.

चोथ्याचा डबा ही वेगळीच गंमत. मशीन आत डोकावून बघत नाही, ते वड्या मोजतं. बंद असताना तुम्ही भल्या मनाने डबा धुऊन ठेवलात, तर त्याच्या वहीत ती नोंदच होत नाही. चालू केलं की रिकाम्या डब्याकडे बोट दाखवून पुन्हा ‘चोथा काढा’. त्याचं समाधान करायला मी चालू मशीनमधून रिकामा डबा ओढतो, क्षणभर थांबतो आणि तसाच आत सारतो. सरकारी कचेरीत आयुष्य गेल्यामुळे मला यात काही वावगं वाटत नाही.

पण खरा छळ पाण्याचा. बोअरिंगचं पाणी इथे इतकं जड, की चहाच्या पातेल्याला पांढरं अस्तर लागतं. पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना कार्बोनेट होऊन बसतो, आणि पातेल्यात तो दिसतो तरी. मशीनच्या बारीक नळ्यांत बसला तर दिसत नाही, फक्त कॉफी कोमट आणि मशीन रडवेलं होतं. सोबत कागदाची एक पट्टी येते, ती पाण्यात बुडवायची, रंग किती चौकोनांवर चढतो ते बघायचं आणि मशीनला तो आकडा सांगायचा. आमच्या पाण्याने पट्टी शेवटच्या चौकोनापर्यंत रंगवली. आरओचं पाणी घालून पाहिलं, तर कॉफी सपाट, बेचव. थोडे क्षार तिलाही लागतात. मग गल्लीने तोडगा काढला : गंगाजल घाला, ते कधी खराब होत नाही. हसण्यावारी नेऊ नका, रसायनशास्त्र इथे थोडं गल्लीच्या बाजूने आहे. नदीचं वाहतं पाणी बोअरिंगपेक्षा पुष्कळदा हलकं असतं. बाकी त्यात काय काय असतं ते मात्र मशीनला सोसलं तरी मला सोसायचं नाही. शिवाय आईने बजावलं, “त्यात गंगाजल घातलंस तर उष्ट्या कपाला मशीन शिवायचं नाही.” शेवटी जलकलच्या नळावर भागवलं. भदैनीला गंगेतूनच उपसून भेलूपूरला शुद्ध केलेलं ते पाणी. गल्लीला वाटतं आपलं ऐकलं, आईला वाटतं आपलं.

तरी काही आठवड्यांनी तो हुकूम येतोच : डिस्केल करा. म्हणजे पाण्यात आम्ल मिसळून ते नळ्यांतून फिरवायचं आणि चुना विरघळवायचा. अर्धा तास लागतो, मध्येच मशीन थांबून साधं पाणी मागतं, आणि एकदा सुरू केलं की अर्ध्यात सोडता येत नाही. कॉफीला न येणारी माणसं याला येतात. आमच्या चौकात खाटा टाकल्या जातात. पानाचा डबा फिरतो. नळीतून पांढुरकं पाणी बाहेर पडू लागलं की ‘निकला, निकला’ असा गजर होतो. सल्ले तर विचारूच नका. कुणी लिंबू सुचवतं, कुणी सिरका. ठठेरी बाजारात भांड्यांचं दुकान असलेले एक काका दरवेळी विचारतात, की पितळेला चिंच चालते तर मशीनला का नको? तत्त्व त्यांचं बरोबर आहे, आम्लानेच कार्बोनेट जातं. पण चिंचेचा चोथा नळीत अडकेल, आणि सिरक्याने रबरी वायसर खराब होतात, शिवाय पुढचे कितीतरी कप लोणच्याच्या बरणीतून काढल्यासारखे लागतात. म्हणून कंपनी सांगेल तेच द्रावण वापरायचं, आणि त्याची किंमत काकांना सांगायची नाही. उन्हाळ्यात याच अर्ध्या तासात लाइट जाते. हजार-दीड हजार वॅट ओढणाऱ्या मशीनला घरातला इन्व्हर्टर नमस्कार करतो आणि बाजूला होतो. मग आम्ल नळ्यांत, आम्ही खाटांवर, आणि गप्पा परराष्ट्र धोरणावर.

मशीनच्या पोटात ब्रू ग्रुप नावाचा एक भाग असतो. दळलेली कॉफी दाबून वडी करायची आणि तिच्यातून पाणी काढायचं, हे त्याचं काम. काही मशीनमध्ये तो बाहेर निघतो, आणि निघतो तेच मशीन घ्यावं असं माझं ठाम मत आहे. आठवड्यातून एकदा तो साबण न लावता नळाखाली धुवायचा, नीट वाळवायचा आणि अधूनमधून खाण्याला चालणारं ग्रीस लावायचं. पुण्यात यात काही अवघड नसेल. इथे वाळवायचं म्हटलं की माकडं आली. त्यांच्यामुळेच तर काशीतल्या घरांच्या चौकांवर लोखंडी जाळ्या असतात. रविवारी सकाळी ब्रू ग्रुप खिडकीत ठेवला होता, गजांच्या आत. बाहेरून एक लांब हात आला आणि ब्रू ग्रुप समोरच्या कठड्यावर जाऊन बसला. माकडाने आधी ग्रीस चाटलं. मग स्प्रिंग दाबली, ती खटकन सुटली, तसं दचकून पुन्हा दाबली. त्या यंत्रणेचा इतका बारकाईने अभ्यास सर्व्हिस सेंटरच्या माणसानेही केला नव्हता. खाली गर्दी जमली. वाटाघाटी साडीवाल्यांनी केल्या : एक केळं दाखवलं, माकडाने मान फिरवली, फुटाण्यांची पुडी दाखवली, तेव्हा त्याने ब्रू ग्रुप सोडला. सोडला म्हणजे वरून. तो खालच्या गाईच्या पाठीवर पडल्याने वाचला. आई म्हणाली, “आता तरी त्याला कॉफी पाजा, सगळं त्यालाच येतं.”

दुधाचं मी फार सांगत नाही. मशीनला दुधाचा फेस काढायची सोय आहे आणि प्रत्येक वापरानंतर ती नळी धुवावी लागते. मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, संध्याकाळपर्यंत विसरलात तर वासाने आठवण होते. आणि फेसाच्या बाबतीत या गावाला कुणी शिकवू नये. थंडीत चौखंभ्याला मलइयो मिळते. दूध आटवून रात्रभर उघड्यावर दवात ठेवतात, पहाटे घुसळतात, केशर-वेलची घालतात, आणि कुल्हडातला तो पिवळा फेस जिभेवर ठेवेपर्यंत विरतो. ऊन चढलं की मलइयो संपली. तिला प्लग नाही, पट्टी नाही, हुकूम नाही. आईने माझ्या कापुचिनोतला फेस चमच्याने उचलून पाहिला आणि म्हणाली, “बरा आहे. साबणाचा वास येत नाही.”

दाण्यांपुरता एक व्यावहारिक मुद्दा राहिला. हनुमानघाटावरच्या माझ्या तमिळ स्नेह्यांनी प्रेमाने त्यांची चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी दिली होती. ती त्यांच्या पितळी फिल्टरमध्येच शोभते, तिला मशीन दाखवू नये. फार काळे, तेलाने चमकणारे दाणेही नकोत, ते चक्कीत चिकटून बसतात. चिकमगळूरचे मध्यम भाजलेले आणा, थोडेथोडे आणा.

आता तुम्ही विचाराल, एवढं करून कॉफी कशी होते? उत्तम होते. अर्ध्या मिनिटात होते. ती पिऊन मी कोपऱ्यावर चहाला जातो, कारण तिथे ट्रे दुसऱ्याला धुवावा लागतो. काशीला आलात तर आमच्याकडे कॉफीला अवश्य या. फक्त रविवारी येऊ नका, रविवारी ब्रू ग्रुप वाळत असतो. पुण्याहून येणार असाल तर डिस्केलरची एक बाटली घेऊन या, आणि फुटाणे मैदागिनला मिळतात.